ब्लिनमनची तांब्याची खाण आणि कराचीहून गेलेले उंटवाले

ऑस्ट्रेलियातल्या जुन्या तांब्याच्या खाणींची गोष्ट बहुतेक वेळा एकाच साच्यात सांगितली जाते. माळरानात मेंढ्या चारणाऱ्या एखाद्या गोऱ्या मेंढपाळाला हिरवट दगड सापडतो. मग शहरातले भांडवलदार येतात, कंपनी उभी राहते, इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातले कसबी खाणकामगार बोलावले जातात. गाव वसतं, दारूचा गुत्ता आणि चर्च उभं राहतं, पुढे भाव पडतात आणि गाव ओस पडतं. गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे. शेकडो किलोमीटर कोरड्या मुलखाच्या आत सापडलेलं तांबं बंदरापर्यंत पोचलं कसं, हा साधा प्रश्न तिच्यात फारसा येत नाही. तो विचारला की या गोष्टीत कराची येते, मुंबई इलाखा येतो आणि आज ज्यांची नावंही धड माहीत नाहीत असे शेकडो मुसलमान उंटवाले येतात.

हा प्रश्न एकाच खाणीपुरता तपासून पाहू. ही खाण दक्षिण ऑस्ट्रेलियात, फ्लिंडर्स पर्वतरांगेत, ब्लिनमन नावाच्या गावात आहे.

लाकडी पायाचा मेंढपाळ

गोऱ्यांनी 1836 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलिया ही वसाहत स्थापन केली. पहिल्या काही वर्षांतच ती कर्जबाजारी झाली होती. तिला तारलं तांब्यानं. 1842 मध्ये कपुंडा इथे आणि 1845 मध्ये बर्रा इथे तांबं सापडलं. 1859 ते 1861 या काळात वॉलारू आणि मूंटा या मोठ्या खाणींचा शोध लागला. यातल्या बहुतेक ठिकाणी पहिला दगड मेंढपाळांच्याच हाती लागला होता. दिवसभर रानात फिरणारा आणि जमिनीकडे पाहायला वेळ असणारा माणूस तोच होता.

ब्लिनमनचंही तसंच झालं. रॉबर्ट ब्लिनमन हा अँगोरिचिना नावाच्या मेंढ्यांच्या कुरणावर कामाला होता. त्याचा एक पाय लाकडाचा होता. त्यामुळे तो कळपामागे धावण्याऐवजी एका टेकडीवर बसून मेंढ्यांवर नजर ठेवायचा, असं सांगितलं जातं. 1859 मध्ये त्याच टेकडीवरचा दगड फोडून पाहिल्यावर त्याला तांब्याची खूण दिसली. त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी सरकारकडून खाणपट्टा मिळवला आणि 1862 मध्ये तो युडनामुटाना कॉपर मायनिंग कंपनीला विकून टाकला. पुढे खाणीला आणि गावाला नाव त्याचं राहिलं, नफा मात्र कंपनीचा झाला.

पण ही जागा 'सापडली' हा शब्दसुद्धा जपूनच वापरायला हवा. फ्लिंडर्सचा हा मुलूख अद्नियामथाना लोकांचा. त्यांच्या भाषेत या नावाचा अर्थच 'खडकांची माणसं' असा होतो. ब्लिनमनपासून जवळच, पॅराचिल्नाच्या बाजूच्या डोंगरात तांबड्या गेरूची फार जुनी खाण आहे. अंगावर रंगवायला आणि विधींसाठी लागणारा तो गेरू आणायला दूरदूरच्या टोळ्यांचे लोक शेकडो किलोमीटर पायी चालत यायचे आणि पाठीडोक्यावर वाहून न्यायचे. म्हणजे या डोंगरातून खनिज काढणं आणि ते लांबवर वाहणं, ही दोन्ही कामं गोरे येण्याच्या खूप आधीपासून चालू होती. तांब्याच्या मागे मेंढ्या, कुंपणं आणि पोलीस आले, तेव्हा त्या वाटा तुटल्या.

डोंगराच्या पोटात काय आहे

आता थोडं जमिनीखाली पाहू, कारण या खाणीचं नशीब तिथेच ठरलं होतं.

आपण राहतो ती दख्खनची काळी कातळभूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनली. फ्लिंडर्सच्या रांगेतले तळाचे खडक तिच्या दहापटींहून अधिक जुने, म्हणजे सुमारे 80 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हा इथे जमीन खचत जाऊन एक लांबरुंद खोलगट भाग तयार होत होता. त्यात कधी उथळ समुद्र शिरायचा, कधी तो आटून मीठ मागे राहायचं. मिठाच्या थरांबरोबर गाळ, डोलोमाइट नावाचा चुनखडीचा भाऊबंद खडक आणि अधूनमधून लाव्ह्याचे थर साचले. त्यावर पुढच्या कोट्यवधी वर्षांत आणखी कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ बसला.

मीठ हा खडक वेगळ्या स्वभावाचा असतो. वरून प्रचंड भार पडला की तो तुटत नाही, सरकू लागतो. ओला चिखल मुठीत आवळला की बोटांच्या फटींतून वर येतो, तसं खोलवरचं मीठ वरच्या थरांना भेदत वर चढतं. चढताना खालच्या खडकांचे लहानमोठे तुकडे सोबत ओढून आणतं. यातले काही तुकडे अख्ख्या टेकडीएवढे असतात. अशा घुसलेल्या राशीला भूशास्त्रज्ञ 'डायापीर' म्हणतात. ब्लिनमन गाव अशाच एका मोठ्या डायापीरवर बसलेलं आहे. सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वी सगळ्या थरांना घड्या पडून पर्वत उभे राहिले. मूळचं मीठ पाण्यानं कधीच वाहून गेलं. मागे राहिली ती वेगवेगळ्या जातींच्या दगडांची खिचडी.

ब्लिनमनचं तांबं या खिचडीतल्या डोलोमाइटच्या एका मोठ्या तुकड्यात आहे. मिठाचं गरम, खारं पाणी खोल खडकांतून फिरताना धातू विरघळवून घेतं आणि अनुकूल दगड भेटला की तिथे सोडून देतं. अशा ठिकाणच्या तांब्याची उपपत्ती साधारण अशीच लावली जाते. मूळचं धातुक म्हणजे तांबं, लोह आणि गंधक यांची पिवळी-जांभळी संयुगं. ती पृष्ठभागाजवळ आली, पाऊस आणि हवा लागली, की त्यांची हिरवी मॅलाकाइट आणि निळी अ‍ॅझुराइट ही खनिजं बनतात. चिंचेनं घासला नाही तर तांब्याच्या हंड्यावर हिरवट थर चढतो, त्याच जातीची ही क्रिया. मेंढपाळाच्या डोळ्यांत भरला तो हाच हिरवा रंग.

या रचनेत दोन अडचणी दडलेल्या होत्या. पहिली म्हणजे वरचं हिरवं धातुक समृद्ध आणि वितळवायला सोपं, तर खोलवरचं गंधकयुक्त धातुक आधी भाजावं लागतं, मग पुन्हा पुन्हा वितळवावं लागतं. त्याला जळण जास्त लागतं. दुसरी म्हणजे हे तांबं एका तुटक्या तुकड्यात बसलेलं होतं. तुकडा संपला की शिरही संपली. पुढे कुठे वळली, याचा अंदाज त्या काळी लागणं अवघड होतं.

बैल मेले आणि खाण अडली

या दोन अडचणी पुढे येण्याआधीच तिसरी उभी राहिली. तिचा भूशास्त्राशी संबंध नव्हता.

ब्लिनमनहून सर्वांत जवळचं सोयीचं बंदर म्हणजे पोर्ट ऑगस्टा, सुमारे 200 किलोमीटरवर. रस्ता म्हणजे कोरड्या नद्यांची पात्रं, दगडी खिंडी आणि उघडं माळरान. तांबं बैलगाड्यांतून जायचं. परतताना त्याच गाड्या पीठ, चहा, अवजारं आणि खाणीचं सामान घेऊन यायच्या. बैलाला रोज पाणी लागतं, रोज चारा लागतो. दोन पाणवठ्यांमधलं अंतर बैलाच्या ताकदीबाहेर गेलं की गाडी वाटेतच उभी राहते.

1864 ते 1866 या काळात या भागात भीषण दुष्काळ पडला. मेंढ्या आणि बैल वाटेवर मरून पडले. हा दुष्काळ इतका तीव्र होता की 1865 मध्ये वसाहतीच्या सर्व्हेअर-जनरल जॉर्ज गॉयडर यांना दुष्काळाची दक्षिण सीमा आखायला पाठवण्यात आलं. त्यांनी आखलेली 'गॉयडर रेषा' आजही ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध आहे. या रेषेच्या उत्तरेला पिकाचा भरवसा धरू नये, असा तिचा अर्थ. ब्लिनमन या रेषेच्या पलीकडचं.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याला आपण धातुक म्हणतो, ते केवळ जमिनीत धातू आहे म्हणून धातुक ठरत नाही. काढण्याचा, वितळवण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च वजा जाता काही उरत असेल, तरच तो दगड धातुक असतो. एरवी तो नुसताच हिरवा दगड. दुष्काळात भाडी गगनाला भिडली, गाड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा फ्लिंडर्समधलं पुष्कळसं धातुक पुन्हा नुसता दगड बनायच्या बेतात होतं.

कराचीचं बंदर, मुंबईचा इलाखा

इथे थॉमस एल्डर हा माणूस गोष्टीत येतो. स्कॉटलंडहून आलेला हा व्यापारी. त्याच्या पेढीनं वॉलारू आणि मूंटा इथल्या तांब्याच्या खाणींना भांडवल पुरवलं होतं आणि त्यातून अफाट कमाई केली होती. 1862 मध्ये त्यानं ब्लिनमनच्या उत्तरेकडचं बेल्टाना हे कुरण घेतलं. कोरड्या मुलखात बैल-घोड्यांवर विसंबून चालणार नाही, हे त्यानं ओळखलं होतं. तांब्याचा पैसा त्यानं उंटांत घातला.

उंट ऑस्ट्रेलियात याआधी आले नव्हते असं नाही. 1860 मध्ये बर्क आणि विल्स यांच्या गाजलेल्या मोहिमेसाठी हिंदुस्थानातून दोन डझन उंट आणि त्यांच्यासोबत काही उंटवाले मेलबर्नला उतरले होते. पण व्यापारी वाहतुकीसाठी मोठ्या संख्येनं उंट आणण्याचं काम एल्डरनं केलं. त्याच्यासाठी सॅम्युअल स्टकी कराचीला गेला. शंभराहून अधिक उंट आणि 31 उंटवाले घेऊन 'ब्लॅकवेल' हे जहाज 1866 उजाडताना पोर्ट ऑगस्टाला लागलं.

कराची म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्या देशाचा नकाशा येतो. 1866 मध्ये तसं नव्हतं. इंग्रजांनी 1843 मध्ये सिंध जिंकला आणि 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. 1936 मध्ये वेगळा प्रांत होईपर्यंत सिंधचा कारभार मुंबईतूनच चालत होता. उंटांचं जहाज सुटलं तेव्हा मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर होते. तेच त्याआधी सिंधचे कमिशनर होते. म्हणजे पुणे, रत्नागिरी, सोलापूर ज्या कारभाराखाली होतं, त्याच कारभाराखालच्या बंदरातून हे लोक निघाले. जहाजावर चढलेल्यांत बलुच, पठाण, सिंधी असे निरनिराळे लोक होते. काही कंदाहारकडून उतरलेले, काही इंग्रजी अंमलातल्या मुलखातले.

सुरुवात चांगली झाली नाही. प्रवासानंतर उंटांना खरूज लागली आणि त्यांतले बरेच मेले. पण उरलेल्यांची बेल्टानात पैदास सुरू झाली आणि काही वर्षांत तिथले उंट कराचीहून आणलेल्यांपेक्षाही दणकट मानले जाऊ लागले.

ओझ्याचं गणित

आपल्या मराठी इतिहासाला सांडणीस्वार माहीत आहेत. खलिते घेऊन दौडत जाणारे, पेशव्यांच्या दफ्तरात ज्यांच्या जाण्या-येण्याच्या नोंदी आहेत ते. फ्लिंडर्समधले उंटवाले मात्र स्वार नव्हते. ते बहुतेक वेळा उंटाच्या बाजूनं पायी चालायचे, कारण उंटाच्या पाठीवर माल असायचा.

एक उंट साधारण 400 किलो ओझं घेऊन चालतो. धडधाकट नर याहून बरंच अधिक उचलतो. नाकात लाकडी खुंटी, खुंटीला दोरी आणि ती दोरी पुढच्या उंटाच्या खोगिराला, अशी रांग लागायची. मोठ्या काफिल्यात पन्नास-साठ उंट आणि त्यांच्यासाठी मोजकीच माणसं. रोज पहाटे सगळ्यांवर ओझं चढवायचं, दोन्ही बाजूंचं वजन काटेकोर सारखं ठेवायचं, संध्याकाळी सगळं उतरवायचं आणि उंट चरायला सोडायचे. दुसऱ्या दिवशी रानात पांगलेले उंट शोधून पुन्हा तेच. ओझं एका बाजूला कललं की पाठ सोलून निघते आणि तो उंट काही आठवडे निकामी होतो. हे कौशल्य कुठल्या शाळेत शिकवलं जात नव्हतं. ते बापाकडून मुलाकडे आलेलं होतं आणि एल्डरनं उंटांबरोबर खरं तर तेच विकत घेतलं होतं.

ब्लिनमनच्या खाणीतून तिच्या सगळ्या आयुष्यात सुमारे 10 हजार टन तांबं निघालं. ते सगळं उंटांवरूनच गेलं असं अजिबात नाही. सुरुवातीची वर्षं बैलगाड्यांची होती आणि नंतरही बैल, खेचरं, घोडे वापरात राहिले. पण अंदाज यावा म्हणून हिशेब करून पाहावा. एवढं तांबं उंटांवर लादायचं तर 25 हजार खेपा लागतील. आणि हे फक्त वितळवलेल्या धातूचं वजन. भट्ट्यांसाठी लागणारं लाकूड, खाणीची यंत्रं, माणसांचं अन्न यात धरलेलं नाही.

1880 च्या दशकात पोर्ट ऑगस्टाहून उत्तरेकडे रेल्वे सरकली. 1880 मध्ये ती हॉकरला, 1881 मध्ये बेल्टानाला आणि 1884 मध्ये आज मारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हरगॉट स्प्रिंग्जला पोचली. वाटेतलं पॅराचिल्ना हे ब्लिनमनचं स्टेशन बनलं. आता उंटांना बंदरापर्यंत जायची गरज उरली नाही. खाण ते स्टेशन एवढं तीसेक किलोमीटरचं खिंडीतलं अंतर त्यांच्या वाट्याला आलं. रेल्वेमुळे उंट संपतील असं वाटत होतं, पण उलट झालं. रूळ जिथे थांबतात तिथून पुढची सगळी वस्ती, कुरणं आणि खाणी उंटांवरच जगू लागल्या. पुढच्या काळात हजारो उंट आणले गेले आणि 1860 पासून 1920 पर्यंत दोन ते चार हजार उंटवाले ऑस्ट्रेलियात येऊन गेले, असा अंदाज केला जातो.

'अफगाण' नावाचं एकच पोतं

या सगळ्यांना ऑस्ट्रेलियात एकच नाव मिळालं, 'अफगाण', आणि त्याचंही तोडून 'घान'. बलुच असो, पंजाबी असो, सिंधी असो की पेशावरचा पठाण, सगळे अफगाण. त्यांच्यातले काही तर मुसलमानही नव्हते, शीख होते. माणसाचं गाव, भाषा, जमात पुसून टाकायला असं एक सोयीचं लेबल पुरतं. आपल्याकडेही याचा अनुभव नवा नाही. कोकणी, दखनी, तांबोळी, बागवान, आतार, मणियार या सगळ्यांच्या निरनिराळ्या बोली आणि निरनिराळे व्यवसाय असताना 'तुम्ही लोक' एवढ्या दोन शब्दांत त्यांची बोळवण होते.

या लेबलाचा कायदेशीर परिणामही झाला. कराची किंवा पेशावरचा माणूस कागदोपत्री इंग्लंडच्या राणीची प्रजा होता. त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या वसाहतीत त्याला समान हक्क मिळायला हवे होते. पण 1901 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहती एकत्र येऊन देश बनल्यावर लगेचच स्थलांतर निर्बंध कायदा झाला. त्यात कुठल्याही युरोपीय भाषेत 50 शब्दांचं श्रुतलेखन घेण्याची तरतूद होती. कुठली भाषा, ते अधिकारी ठरवणार. म्हणजे नापास करायचं असेल त्याला नापास करता येणार. 1902 च्या कायद्यानं आशियातल्या मूळ रहिवाशांना केंद्रीय मतदानातून वगळलं आणि 1903 च्या कायद्यानं नागरिकत्व मागण्याचा रस्ता बंद केला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लोकांना मतदानाचा हक्क मिळाला तो 1925 मध्ये. तोवर तांब्याचे दिवस संपून गेले होते आणि पुष्कळ उंटवाले मायदेशी परतले होते किंवा वाळूत पुरले गेले होते.

पत्र्याच्या मशिदी

बहुतेक उंटवाले तीन वर्षांच्या करारावर, बायकामुलांना मागे ठेवून आले होते. मारी गावात रेल्वेच्या रुळांच्या एका बाजूला गोऱ्यांची वस्ती आणि दुसऱ्या बाजूला 'घानटाउन', अशी सरळ फाळणी होती. मूळनिवासी लोकही उंटवाल्यांच्याच बाजूला. तिथल्या कबरस्तानातही हीच वाटणी दिसते. उंटवाल्यांनी तिथे मातीची छोटी मशीद उभी केली, वजूसाठी हौद बांधला, खजुराची झाडं लावली. ब्रोकन हिलमध्ये त्यांनी पत्र्याची मशीद बांधली. ती आज संग्रहालय म्हणून जपलेली आहे. अ‍ॅडलेड शहरात 1888-89 मध्ये दगडी मशीद उभी राहिली आणि 1903 मध्ये तिला चार मिनार जोडले गेले. म्हातारे, थकलेले उंटवाले शेवटचे दिवस काढायला तिथे यायचे. या मशिदीत आजही नमाज होते.

काहींनी तिथेच संसार थाटले. कुणी मूळनिवासी बायकांशी निकाह लावला, कुणी गोऱ्या बायकांशी. त्यांची नातवंडं-पतवंडं आज मध्य ऑस्ट्रेलियात आहेत. बेजाह दरवेश हे त्यांतलं ठळक नाव. जन्मानं बलुच, पूर्वी हिंदुस्थानी फौजेत नोकरी केलेले. 1896 च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत वाळवंटात उंटांची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्या मोहिमेतले दोघे जण मरण पावले. मोहिमेचा नेता लॉरेन्स वेल्स यानं बेजाह यांच्या कामाची कदर म्हणून आपलं होकायंत्र त्यांना भेट दिलं. बेजाह मारीला स्थायिक झाले आणि 1957 पर्यंत जगले.

पण सार्वजनिक स्मरणात काय राहतं, हाही एक प्रश्न आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1 जानेवारी 1915 रोजी ब्रोकन हिलजवळ दोन माजी उंटवाल्यांनी सहलीला निघालेल्या रेल्वेगाडीवर गोळीबार केला. त्या दिवशी चार निरपराध माणसं मारली गेली, हल्लेखोरही मारले गेले. कृत्य निंद्यच होतं आणि त्यावर पांघरूण घालण्याचं कारण नाही. पण त्याच मुलखात पन्नास वर्षं पाणी, पीठ, लोकर, तार आणि तांबं वाहणाऱ्या हजारो हातांची आठवण जितकी कमी आणि त्या एका दिवसाची आठवण जितकी जास्त, तितका तो इतिहास एकांगी होतो. दोन माणसांचा गुन्हा सगळ्या जमातीच्या नावावर जमा होतो आणि हजारोंची मेहनत मात्र उंटाच्या खात्यात टाकली जाते. 'उंटांनी आउटबॅक उघडलं' असं वाक्य सर्रास लिहिलं जातं. जणू उंट स्वतःच ओझं बांधून स्टेशनवर जात होते.

शेवट आणि शिल्लक

ब्लिनमनची खाण तांब्याच्या भावाबरोबर कधी बंद, कधी चालू होत राहिली. वरचं सोपं धातुक सरलं, खोलवरचं परवडेना, आजूबाजूची झाडं भट्ट्यांत जळून गेली. 1918 मध्ये पहिल्या महायुद्धाबरोबर खाणीचंही आयुष्य संपलं. एके काळी हजारावर वस्ती असलेल्या गावात आज मोजकीच घरं उरली आहेत. जुन्या बोगद्यांतून पर्यटकांना फिरवून आणलं जातं.

मोटारी आल्या तसे उंट नकोसे झाले. 1925 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात उंटांच्या नाशासाठी कायदा झाला. मोकाट उंटांना गोळ्या घालायला परवानगी मिळाली. पुष्कळ उंटवाल्यांनी आपली जनावरं मारण्याऐवजी रानात सोडून दिली. आज ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात जे लाखो रानटी उंट आहेत, ते त्यांचेच वंशज. आता ते तिथल्या सरकारची डोकेदुखी झाले आहेत.

जुन्या खाणींनी आणखी एक अनपेक्षित भेट दिली. ब्लिनमनच्या वायव्येला एडिअ‍ॅकरा टेकड्या आहेत. 1946 मध्ये रेग स्प्रिग हा भूशास्त्रज्ञ तिथल्या सोडून दिलेल्या खाणी तपासायला गेला असताना त्याला दगडावर मऊ शरीराच्या प्राण्यांचे ठसे सापडले. पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या प्राण्यांपैकी हे प्राणी. 2004 मध्ये भूशास्त्रीय कालपटावर एका पूर्ण कालखंडाला 'एडिअ‍ॅकरन' हे नाव देण्यात आलं आणि त्याची प्रमाण जागा फ्लिंडर्समध्येच ठरवली गेली. अद्नियामथाना लोकांचा या भूमीवरचा पारंपरिक हक्क न्यायालयानं 2009 मध्ये मान्य केला. ज्यांना आधी वगळलं, त्यांचं नाव दीडशे वर्षांनी का होईना कागदावर आलं.

उंटवाल्यांच्या बाबतीतही थोडं काम झालं आहे. 1932 मध्येच मोहम्मद हसन मुसाखान यांनी अ‍ॅडलेडमध्ये तिथल्या मुसलमानांच्या इतिहासाचं पुस्तक प्रसिद्ध केलं होतं. नंतर ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जुन्या नोंदी, छायाचित्रं आणि वंशजांच्या आठवणी जमवल्या. मात्र नोंदींमध्ये नावंच इतकी वेडीवाकडी लिहिलेली आहेत की, एकच माणूस तीन ठिकाणी तीन नावांनी भेटतो. कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं. ज्याला स्वतःचं नाव इंग्रजीत वाचता येत नव्हतं, तो ते दुरुस्त तरी कसं करणार?

हा इतिहास वाचताना दोन मोह टाळायला हवेत. एक म्हणजे 'ऑस्ट्रेलिया आमच्या लोकांनी घडवला' म्हणून छाती फुगवण्याचा. तो घडवण्यात कॉर्निश खाणकामगार होते, बैलगाडीवाले होते, आणि ज्यांची जमीन गेली ते मूळनिवासीही होते. उंटवाले त्या वसाहतीच्या यंत्रणेचाच एक भाग होते, त्यांच्या काफिल्यांच्या वाटाही कुणाच्या तरी पाणवठ्यांवरून जात होत्या. दुसरा मोह याच्या उलट, म्हणजे हा सगळा परक्या देशातला किस्सा समजून सोडून देण्याचा. मुंबई इलाख्याच्या बंदरातून गेलेल्या मजुरांचा इतिहास आपल्या इतिहासाच्या बाहेर कसा असेल?

ब्लिनमनच्या टेकडीतलं तांबं कोट्यवधी वर्षं तिथेच होतं. मेंढपाळाला ते दिसलं, कॉर्निश कामगारांनी ते फोडलं, पण त्याची किंमत ठरली ती ते बंदरात पोचल्यावर. जमिनीतला दगड आणि बाजारातला धातू यांच्यामध्ये जे अंतर होतं, ते बैलांनी आणि खेचरांनी, आणि कोरड्या वर्षांत उंटांच्या रांगेशेजारून पायी जाणाऱ्या या माणसांनी कापलं. खाणीच्या इतिहासात शोधणाऱ्याचं आणि खोदणाऱ्याचं नाव लिहिलं जातं, तसं वाहणाऱ्याचंही लिहिलं जावं, एवढीच अपेक्षा आहे.